सहा मायक्रॉनचा आळ

१

परत आलेली खोकी कारखान्याच्या दारातच उतरवून ठेवली होती. ती आत घ्यायला कुणाचेच हात पुढे होईनात, जणू जो हात लावील त्याच्याच गळ्यात बालंट पडणार होतं.

खोक्यांत पंपाची सिलिंडरं होती. प्रत्येकाच्या पोटातून एक आरपार भोक, आरशासारखं घासलेलं. त्या भोकात दट्ट्या सहज सरकला पाहिजे, पण बाजूने तेलाचा थेंब निसटता कामा नये, एवढीच त्या लोखंडाकडून अपेक्षा. गिऱ्हाइकाचा निरोप असा, की तेल निसटतंय आणि भोकं मोठी आहेत. सहा मायक्रॉनपर्यंत मोठी.

डोक्यावरच्या एका केसाचे उभे दहा-बारा पदर काढता आले, तर त्यातला एक पदर म्हणजे सहा मायक्रॉन. तेवढ्यापायी अख्खा माल भंगारात निघणार होता, आणि मालाबरोबर एक माणूसही.

भोक घासायचं मशीन कारखान्यात एकच, आणि ते चालवणाराही एकच. सगळे त्यांना काका म्हणत. मोजणीच्या खोलीतली तपासनीस मात्र त्यांची सख्खी पुतणी. आईवडील गेल्यावर काका-काकूंनीच तिला पदराखाली घेतलं होतं, आणि मोजणीच्या खोलीत ती लागली तीही काकांच्याच शब्दावर. आजही ती त्यांच्याच घरात राहत होती, त्यांच्याच पंगतीला जेवत होती.

मालकांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "हा माल तू पास केलास. तेव्हा भोकं बरोबर होती?"

"बरोबर होती. प्रत्येक नगाला काटा शून्यावर होता."

"मग आता मोठी कशी झाली? लोखंड काय वयात आलं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. पुतणीची कानशिलं तापली. आपल्या कामावर बोट ठेवलेलं तिला खपत नसे, आणि रागात माणूस बोलून जातो तशी ती बोलून गेली, "माझ्या हातून गेल्यावर कुणीतरी परत घासली असतील."

तिने कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. सगळ्या माना काकांकडे वळल्या.

काका चिंधीला हात पुसत उभे होते. बराच वेळ पुसत राहिले. मग मान खाजवत म्हणाले, "असेल. चकाकी यावी म्हणून मीच परत फिरवले असतील. वय झालं, मालक. लक्षात राहत नाही."

"उद्या गिऱ्हाइकाच्या बाई तपासायला येतायत," मालक म्हणाले. "त्यांनी शिक्का मारला की तुम्ही घरी बसायचं. माझाही नाइलाज आहे."

काका खोटं बोलताना मान खाजवतात, हे पुतणीला लहानपणापासून ठाऊक होतं. पास झालेले नग त्यांनी परत घासलेच नव्हते. मग कबूल कशाला केलं? पण त्यांना अडवायला तिची जीभ उचलेना, कारण त्या दिवसाबद्दल एक गोष्ट तिनेही दडवली होती.

२

त्या संध्याकाळी घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. काकूने काकांना वाढलं, पुतणीला वाढलं, आणि एकदाच विचारलं, "घालवतील का हो तुम्हाला?"

"बघू," काका म्हणाले.

पुतणीने ताट सारलं आणि मोरीत जाऊन ॲप्रन धुवायला घेतला. आतल्या खिशावर तेलाचा एक गोल डाग पडला होता. आठवडाभर ती तो घासत होती, पण डाग कसला वस्ताद, हलायचं नाव घेत नव्हता.

डाग मास्टर रिंगचा होता.

भोक मोजायच्या गेजला स्वतःची अशी अक्कल नसते. त्याला आधी एक नमुन्याचं भोक दाखवावं लागतं: 'हे बघ, हे बरोबर, हे तुझं शून्य.' मग प्रत्येक नग त्याहून किती लहान, किती मोठा, तेवढंच तो काट्याने सांगतो. ते नमुन्याचं भोक म्हणजे मास्टर रिंग. वाटीएवढी, जाड पोलादाची. तीच कुणी बदलली तर गेज प्रामाणिकपणे, तोंड वर करून खोटं बोलत राहणार.

आणि नेमकी तीच भीती तिच्या मनात शिरली होती. मागच्या खेपेला तिने काकांचे काही नग नापास केले, तेव्हा काका चिडून म्हणाले होते, "एवढ्या तेवढ्याने काय आभाळ कोसळत नाही." मग एके सकाळी तिने डबी उघडली, तर रिंग उलटी. आकडा कोरलेली बाजू खाली, आणि वर ताज्या तेलाचा वास. ती स्वतः रिंग कधीच उलटी ठेवत नसे. स्टोअरमध्ये एक झिजलेली जुनी रिंग पडून होती, झिजून भोक मोठं झालेली. ती कुणी डबीत ठेवली, तर काकांचे मोठे झालेले नगही बिनबोभाट पास होणार होते.

नशिबाने डबीतली रिंग खरीच होती. कोरलेला आकडा तिने ओळखला. पण संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा लवकर उठत नाही. त्या दिवशी तिने रिंग डबीत ठेवलीच नाही. रुमालात गुंडाळून ॲप्रनच्या आतल्या खिशात, पोटाशी ठेवली. काटा तपासायचा झाला की काढायची, पुन्हा पोटाशी ठेवायची.

दुपारी काका भोकात बोट फिरवून म्हणाले होते, "माझ्या हाताला हे भरलंय गं. तुझा काटा आज का रुसलाय?"

"काट्याला विचारा," ती फणकारली होती, आणि नग परत घासायला लावले होते.

आता हे कुणाला सांगायचं? रिंग दिवसभर माझ्या खिशात होती, म्हणजे ती बदलली गेलीच नाही. पण 'खिशात कशाला?' असा प्रश्न आला, की उत्तर काकांच्या समोर द्यावं लागणार होतं. ॲप्रन तिने डागासकट दोरीवर टाकला. आतून काका खोकले. ते जागे होते, आणि तीही.

३

गिऱ्हाइकाच्या बाई आल्या त्या नाक शिंकरत. मफलर, स्वेटर, डोळे लाल, आणि काखेत चक्क गरम पाण्याची पिशवी. या धंद्यात सगळे त्यांना शून्यबाई म्हणत, कारण कुठल्याही कारखान्यात पाय ठेवला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "शून्य कुठे लावलं होतं?"

मालकांनी अदबीने आपला व्हर्नियर पुढे केला. "पेन्सिली मोजायला ठेवा तो," शून्यबाई म्हणाल्या. "अशा भोकात त्याची टोकं घालून मायक्रॉन शोधणं म्हणजे काठीने सुई उचलणं."

आधी त्यांनी आपला तीन टेकूंचा गेज काढला. "नग मशीनच्या चकात, म्हणजे पकडीत, जास्त आवळला, तर सुटल्यावर भोक तीन कोपऱ्यांचं होतं. तुमचा गेज दोन टोकांचा. त्याला ते कळत नाही, सगळीकडून सारखंच वाटतं. म्हणून हा." त्यांनी पुष्कळ नग फिरवून फिरवून पाहिले आणि काकांकडे बघून म्हणाल्या, "भोकं गोल आहेत. हात सुंदर आहे तुमचा, काका."

काकांनी मान खाली घातली.

मग बाईंनी सगळे नग काठावर ठोकलेल्या नंबरांप्रमाणे ओळीने मांडले आणि प्रत्येकापुढे खडूने फरक लिहिला. लिहून झाल्यावर बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या.

"काका, तुम्ही पास झालेले नग परत घासलेत म्हणे?"

"हो."

"मग पहिले थोडे का सोडलेत? हे बघा, पहिले बरोबर आहेत. पुढे फरक हळूहळू वाढत जातो, सहावर जाऊन टिकतो. मध्येच दोन-चार नग पुन्हा बरोबर. आणि मग परत वाढ."

"कंटाळा आला असेल," काका म्हणाले, आणि मान खाजवली.

"कंटाळा इतका शिस्तीत येत नाही हो," शून्यबाई म्हणाल्या.

मग बोलावणं गेलं स्टोअरवाल्याला. याचं नाव कारखान्याने कुलूपभाऊ ठेवलं होतं, कारण स्वतःच्या डब्यालाही तो कुलूप लावायचा. जुन्या रिंगबद्दल विचारताच तो गडबडला.

"ती हरवलीय," त्याने ठोकून दिलं.

शून्यबाई उठल्या, स्टोअरच्या खिडकीशी गेल्या, आणि वाऱ्याने आपटू नये म्हणून झडपेखाली सारलेली रिंग काढून आणली. कुलूपभाऊचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाईंनी ती मोजली. "पंधरा मायक्रॉन झिजलीय. ही लावली असती तर पहिल्या नगापासून पंधराचा फरक आला असता. चोर ही नव्हे. ठेवा परत झडपेखाली. त्या दिवशी आणखी काही वेगळं घडलं होतं?"

कुलूपभाऊ आता मदतीला उतावीळ झाला. "काकांनी घासायचे दगड दुसऱ्यांदा मागून नेले. तपासणी चालू होती तेव्हाच, नंतर नव्हे. आणि ताईंचं म्हणाल तर जेवताना ॲप्रन काढून, घडी करून, शेजारी लोखंडी बाकावर ठेवला होता. मी जरा सरकवायला गेलो तर माझ्यावर खेकसल्या. मी म्हटलं, खिशात सोनं आहे की काय!"

पुतणी दाराशीच उभी होती. तिचे हात आपोआप ॲप्रनवर गेले, नेमके त्या डागावर. शून्यबाईंचे लाल डोळे तिच्या हातांवर क्षणभर थांबले आणि पुढे गेले.

"आणि हो," कुलूपभाऊ काकांची नजर चुकवत म्हणाला, "आदल्या संध्याकाळी काका माझ्याकडून मोजणीच्या खोलीची किल्ली घेऊन गेले होते. सगळे गेल्यावर."

मालकांनी सुस्कारा सोडला, तो निकाल लागल्यासारखाच वाटला.

४

"आता ताई तेवढ्या राहू द्या," शून्यबाई म्हणाल्या. मोजणीच्या खोलीत दोघीच उरल्या.

खोली नेहमीसारखी गार होती. मशीनवरून आलेले नग गरम असतात. ते दगडी ओट्यावर निवू द्यायचे, मगच मोजायचे, हा या खोलीचा दंडक. पुतणी त्यात कधी कसूर करत नसे. घाई करणाऱ्याला ती खोलीबाहेर काढायची.

"तुमची रिंग द्या बघू." बाईंनी डबीतली रिंग घेतली, गेजला शून्य दाखवलं आणि ओळीतला एक नग तिच्यापुढे सरकवला. "मोजा."

तिने गेज भोकात घातला आणि हळूच झुलवला. काटा एका अंगाला गेला, थबकला आणि परत फिरला. तो जिथून फिरतो तो आकडा खरा. "सहाने मोठा," ती म्हणाली.

"हात छान बसलाय. कुणी शिकवलं?"

"काकांनी."

"अच्छा." बाईंनी रिंग हातातच ठेवली, पिशवी मांडीवर घेतली, वर शाल ओढली आणि गप्पा मारायला लागल्या. घरी कोण कोण आहे, काकू कशा आहेत, काकांचे डोळे कसे आहेत. मध्येच म्हणाल्या, "गेजच्या दांड्याला हे प्लास्टिकचं वेष्टण का असतं, माहीत आहे ना?"

"हाताची ऊब गेजमध्ये जाऊ नये म्हणून."

"शहाण्या आहात." पुन्हा गप्पा. पुतणीला वाटलं, बाईंना तापात भ्रम झालाय. बाहेर काकांची नोकरी चालली आहे आणि या मला काकूच्या गुडघ्यांबद्दल विचारतायत!

बऱ्याच वेळाने बाईंचा हात शालीतून बाहेर आला. "ही घ्या रिंग. शून्य परत लावा, आणि तोच नग परत मोजा."

पुतणीने रिंग घेतली आणि तिचे हात थबकले. रिंग उबदार होती. हातातून निसटावी इतकी ओळखीची ऊब. तरीही तिने गेज रिंगमध्ये घातला. काटा शून्यापासून सरकलेला दिसला. सवयीने तिने चकती फिरवून काटा शून्यावर आणला. मग तो मोठ्या भोकाचा नग घेतला, गेज घातला, झुलवला.

काटा आला, थबकला, फिरला. बरोबर शून्यावर.

नापास नग तिच्या हातात पास झाला होता.

त्या दिवशीही काटा असाच सरकत होता. प्रत्येक वेळी थोडा. ती चकती फिरवायची आणि मनात म्हणायची, कुणीतरी माझ्या गेजला हात लावलाय. तिच्याच पोटाच्या उबेने रिंग फुगत होती, रिंगचं भोक मोठं होत होतं, आणि त्या मोठ्या भोकाला ती शून्य म्हणत होती. बरोबर झालेले नग तिला लहान वाटले. तिने ते परत घासायला पाठवले. काकांच्या हाताने सांगितलं होतं की भोक भरलंय, पण काकांनी हाताचं न ऐकता पुतणीच्या काट्याचं ऐकलं होतं.

"पोटाशी किती वेळ होती?" शून्यबाईंनी हळू आवाजात विचारलं.

"दिवसभर. जेवायची सुट्टी सोडून."

"तेव्हा बाकावर निवली. म्हणून मधले नग बरोबर आले. डाग दिसला होता मला, पण खात्री हवी होती. नेमका तापही होता, म्हटलं तेवढाच कामी येईल."

पुतणी ओट्याला धरून उभी राहिली. तिला इतकी लाज वाटली की रडूही येईना. जिच्यात कुणी खोट करू नये म्हणून ती जपत होती, त्या रिंगमध्ये खोट तिच्याच अंगाने केली होती. आणि आळ घेतला होता काकांवर.

"आता बाहेर जाऊन सांगायचं आहे," बाई उठत म्हणाल्या. "कसं झालं ते मी सांगते. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

५

मालकांच्या खोलीत शून्यबाईंनी सगळं सोपं करून सांगितलं. मालकांनी उबदार रिंग स्वतः हातात घेऊन पाहिली, नग स्वतः मोजून पाहिला, आणि कपाळाला हात लावला. "म्हणजे पास झाल्यावर काकांनी परत घासलेच नाहीत? मग कबूल का केलंत हो?"

काका जमिनीकडे बघत होते. "तिला खिशातून रिंग काढताना मी पाहिलं होतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला नाही. माल परत आला तेव्हा पडला. म्हटलं, माझे दिवस भरतच आलेत. तिचे सुरू व्हायचेत."

मग मालकांनी तो प्रश्न विचारलाच, ज्याची पुतणी कालपासून धास्ती घेऊन होती. "पण रिंग खिशात ठेवायची बुद्धी कुठून झाली तुला? डबी काय शोभेला आहे?"

तिने तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "खोलीत ओल येते. मीच म्हटलं होतं तिला, जपून जवळ ठेव." आणि त्यांचा हात मानेकडे गेला.

वाट मोकळी होती. मान हलवली असती तरी भागलं असतं. मालकांनी दोन शब्द सुनावले असते, शून्यबाईंनी नाक शिंकरलं असतं, आणि संध्याकाळी काकूने हसतमुखाने वाढलं असतं. काकांनी तिच्यासाठी दुसऱ्यांदा खोटं बोलून दार उघडून धरलं होतं.

"नाही," पुतणी म्हणाली. "ओल-बिल काही नाही. मला वाटलं, काका रिंग बदलतील. डबीत उलटी दिसली होती. तेलाचा वास येत होता. मला वाटलं, नग पास व्हावेत म्हणून ते... म्हणून मी ती अंगावर बाळगली."

काकांनी मान वर केली. एवढं बाकी त्यांना माहीत नव्हतं. पुतणी रिंग खिशात का बाळगते, याचं काहीतरी साधंसं कारण त्यांनी मनाशी धरलं असावं. आता ते कारण त्यांच्या चेहऱ्यावरून पुसलं जाताना सगळ्यांनी पाहिलं.

"त्याच्या आदल्या दिवशी तू रिंग न पुसता ठेवून गेली होतीस," ते सावकाश म्हणाले. "घाईत होतीस. वर बोटांचे ठसे तसेच होते. घाम असतो बोटांना, गंज धरला असता. दुसऱ्या दिवशी मालकांनी बघितली असती तर तुला बोल लागला असता. म्हणून किल्ली घेतली, पुसली, तेल लावलं. उलटी ठेवली गेली असेल. चष्मा नव्हता."

शून्यबाई उगाचच मफलर नीट करत राहिल्या. मालकांनी खिडकीबाहेर पाहिलं.

काका मशीनवर राहिले. पुतणीला मालकांनी मोजणीच्या खोलीतून काढून बांधणीच्या टेबलावर बसवलं, आणि ती एका शब्दाने कुरकुरली नाही. जाताना शून्यबाई तिला म्हणाल्या, "तांत्रिक चूक मी रोज पाहते. तुमची पुन्हा होणार नाही, एवढं खात्रीने सांगते." दुसऱ्या चुकीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. ती त्यांच्या गेजच्या कक्षेबाहेरची होती.

६

घरी जाताना दोघे नेहमीसारखे बरोबर चालले. नेहमी काका रस्ताभर कुणाची ना कुणाची खिल्ली उडवायचे. आज त्यांनी फक्त एकदा, "गाडी येतेय, आत हो," एवढंच म्हटलं.

दार उघडायच्या आधीच काकूने विचारलं, "काय झालं? राहिले का तुम्ही?"

"राहिलो," काका चपला काढत म्हणाले.

काकूने डोळे पुसले, हसली आणि पुतणीच्या पाठीवर हात ठेवला. "मग चूक कुणाची निघाली गं?"

"माझी. रिंग खिशात ठेवली होती. ऊब लागून फुगली."

"अगंबाई! पण एवढी जपायची वस्तू खिशात कशाला घातलीस?"

पुतणीने काकांकडे पाहिलं. सवयीने. लहानपणी कप फुटला, वही हरवली, पहिल्यांदा नापास झाली, तेव्हा प्रत्येक वेळी अशाच नजरेला काकांकडून एखादं उत्तर आलं होतं. काकांचा हात मानेपर्यंत गेला आणि तिथूनच खाली आला. ते आत मोरीकडे वळले.

"सांगते, काकू," ती म्हणाली. "बस जरा."

मोरीत काकांनी नळ सोडला. हात धुवायला लागतो त्याहून कितीतरी मोठा, आणि तो तसाच वाहू दिला, कारण तेच शब्द दुसऱ्यांदा ऐकायची त्यांची तयारी नव्हती.